पैसे गुणिले पैसे म्हणजे काय? रस्टमध्ये संख्यांचे ट्रेट मॅक्रोने डिराइव्ह करताना

वाशीच्या बाजार समितीतल्या कांदा-बटाटा बाजारात एका गाळ्यासाठी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, काढणारा प्रोग्राम लिहायचा आहे असं धरू. त्यात तीन आकडे सारखे येणार: मालाचं वजन ग्रॅममध्ये, किलोमागचा भाव पैशांत आणि एकूण रक्कम, तीही पैशांत. तिन्ही आय६४ (६४ बिटांचा पूर्णांक) म्हणून ठेवले तर कंपायलरला ते एकसारखेच. वजनात भाव मिळवला तरी तो हूं की चूं करणार नाही. त्यात लासलगावचा भाव बोलला जातो क्विंटलमागे आणि वाशीचा किलोमागे. एक आकडा दुसऱ्याच्या जागी गेला की पट्टी शंभरपट चुकते आणि प्रोग्राम मात्र न कुरकुरता चालतो.

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत यावरचा उपाय म्हणजे न्यूटाइप: एकाच फील्डचा टपल स्ट्रक्ट, म्हणजे एकच संख्या आत गुंडाळलेला वेगळा टाइप. प्रत्येक मापाला स्वतःचा टाइप दिला की सरमिसळ कंपाइल होतानाच अडते. पण मग नवीच कटकट सुरू होते. बेरीज येत नाही, वजाबाकी येत नाही, यादीची एकूण काढता येत नाही, कारण नव्या टाइपला एकही गणिती ट्रेट (टाइपला कोणत्या क्रिया जमतात हे सांगणारा करार) नाही. हे ट्रेट मॅक्रोने, म्हणजे कोड लिहून देणाऱ्या कोडने, कसे आणायचे, आणि कोणते मुळीच आणायचे नाहीत, ते इथे पाहू. दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

कोडबद्दल एक खुलासा. खालच्या नमुन्यांत रस्टचे कीवर्ड आणि लायब्ररीतली नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टाइप करताना ती मूळ रोमन अक्षरांतच हवीत. आपण ठेवलेली नावं मात्र, म्हणजे पैसे, ग्रॅम, भाव वगैरे, खरोखर देवनागरीत ठेवता येतात. २०२१ साली आलेल्या रस्ट १.५३ पासून त्याला परवानगी आहे. दोन गोष्टी सांभाळा. कोडमधले अंक इंग्रजीच लागतात, देवनागरी अंक कंपायलर घेत नाही. आणि काही मराठी कीबोर्ड जोडाक्षरात न दिसणारं जोडचिन्ह घुसवतात. ते नावात आलं की डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण कंपायलर त्या नावावर अडतो. अशा वेळी ते नाव खोडून पुन्हा टाइप करणं हाच झटपट उपाय.

आधी कागदावर तक्ता

कोड लिहिण्याआधी प्रत्येक टाइपसमोर एक साधा प्रश्न लिहा: ही क्रिया केली तर उत्तर कोणत्या मापात येईल?

पैसे अधिक पैसे: पैसे. ठीक. पैसे वजा पैसे: पैसे, आणि उत्तर ऋणही येऊ शकतं, कारण हमाली-तोलाई वजा जाता शेतकऱ्याकडूनच येणं निघालं असं होतं. पैसे गुणिले साधी संख्या: पैसे. पैसे भागिले पैसे: नुसतं गुणोत्तर, पैसे नव्हेत. पैसे गुणिले पैसे: काहीच नाही. चौरस पैसा नावाचं नाणं अजून कुणी पाडलेलं नाही.

ग्रॅमची गोष्ट जवळपास तशीच, फक्त वजन ऋण असू शकत नाही. भावाची बेरीज मात्र निरर्थक आहे. १८ रुपये किलो आणि २२ रुपये किलो मिळून ४० रुपये किलो होत नाहीत. म्हणजे भावाला बेरीज द्यायचीच नाही. त्याला हवी फक्त तुलना, चढता-उतरता क्रम लावण्यापुरती.

मॅक्रोला यातलं काहीही कळत नाही. तो टाइपच्या आत आय६४ पाहतो आणि आय६४ ला जे जमतं ते सगळं बाहेर आणून देतो. म्हणून तक्ता आधी आणि डिराइव्हची ओळ, म्हणजे ट्रेटचा कोड मॅक्रोकडून मागवणारी ओळ, नंतर.

रस्टच्या पेटीत काय आहे

डिराइव्हने स्टँडर्ड लायब्ररीकडून मिळतं ते असं: क्लोन, कॉपी, डीबग, डिफॉल्ट, पार्शलईक्यू, ईक्यू, पार्शलऑर्ड, ऑर्ड आणि हॅश. अ‍ॅड, सब, म्युल म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, यांपैकी काहीही नाही. ते बाहेरच्या क्रेटमधून (रस्टच्या लायब्ररीच्या पॅकेजमधून) आणावं लागतं. २०१७ च्या फेब्रुवारीत रस्ट १.१५ आलं आणि स्वतःचे डिराइव्ह मॅक्रो लिहिणं स्टेबल आवृत्तीत शक्य झालं. पुढचे सगळे क्रेट त्याच सोयीवर उभे आहेत.

संख्यांच्या कामात दोन क्रेट सर्रास वापरले जातात. पहिला नम-डिराइव्ह, जो नम-ट्रेट्सच्या ट्रेटांसाठी कोड तयार करतो. दुसरा डिराइव्ह_मोअर, जो स्टँडर्ड लायब्ररीतल्या ऑपरेटर-ट्रेटांसाठी. दोघांचा स्वभाव वेगळा आहे आणि तो फरक गुणाकारात उघड होतो. नम-डिराइव्हचा नमऑप्स हा मॅक्रो अ‍ॅड, सब, म्युल, डिव्ह (भागाकार) आणि रेम (बाकी) असे पाचही ट्रेट एकदम देतो, आणि त्यातला गुणाकार टाइपचा स्वतःशीच असतो: पैसे गुणिले पैसे बरोबर पैसे. डिराइव्ह_मोअरचा म्युल मात्र आतल्या संख्येला जिने गुणता येतं अशा उजव्या बाजूसाठी असतो: पैसे गुणिले ३ बरोबर पैसे. मोजमापाच्या टाइपसाठी हा दुसरा अर्थच बरोबर.

पैशांचा टाइप

कार्गोच्या, म्हणजे रस्टच्या पॅकेज सांभाळणाऱ्या साधनाच्या, फाइलमध्ये डिराइव्ह_मोअर टाका. त्याच्या १.० आवृत्तीपासून डिराइव्हची फीचर आपोआप चालू नसतात, एकेक नाव द्यावं लागतं. आपल्याला हवीत अ‍ॅड, अ‍ॅड_असाइन, सम आणि नॉट. शेवटचं नाव फसवं आहे: उणे चिन्हाचा नेग हा ट्रेट नॉट या फीचरमध्ये बसवलेला आहे. ते विसरलात तर नेग सापडत नाही अशी चूक येते आणि नेग नावाचं फीचर शोधण्यात अर्धा तास जातो.

```
#[डिराइव्ह(क्लोन, कॉपी, डीबग, डिफॉल्ट,
         पार्शलईक्यू, ईक्यू, पार्शलऑर्ड, ऑर्ड, हॅश,
         अ‍ॅड, सब, अ‍ॅडअसाइन, सबअसाइन, नेग, सम)]
पब स्ट्रक्ट पैसे(आय६४);
```

आतल्या फील्डला पब लावलेलं नाही, ते मुद्दाम. मॅक्रोने तयार केलेला कोड त्याच मॉड्यूलमध्ये पडतो, त्यामुळे खाजगी फील्ड त्याला दिसतं. बाहेरच्यांना दिसत नाही. याच कारणाने इथे फ्रॉम डिराइव्ह करू नका. तो असला की कुठलाही आय६४ नुसत्या इंटूने पैसे होऊन जातो आणि घातलेलं कुंपण आपणच मोडतो. त्याऐवजी 'रुपये_पैसे' अशा नावाचं फंक्शन द्या, ज्यात दोन आकडे वेगळे यावे लागतात.

समबद्दल एक बारकावा. मॅक्रो मालकीच्या पैशांची बेरीज देतो, रेफरन्सची (मूल्याकडे नुसतं बोट दाखवणाऱ्याची) नाही. म्हणून यादीवर नुसतं इटर आणि सम केलं की कंपायलर अडवतो. मध्ये कॉपीड घाला, काम होतं.

गुणाकार: छोटा मॅक्रो स्वतः लिहा

डिराइव्ह_मोअरचा म्युल सोयीचा असला तरी त्याची उजवी बाजू जेनेरिक (एकाच टाइपला न बांधलेली) असते, आणि आपल्याला लवकरच ग्रॅम गुणिले भाव हा वेगळा गुणाकार लिहायचा आहे. शिवाय तो ३ गुणिले पैसे हा उलटा क्रम देत नाही. म्हणून नुसत्या आय६४ पुरता गुणाकार मॅक्रो_रूल्सने, म्हणजे साच्यावरून कोड बनवणाऱ्या साध्या मॅक्रोने, लिहिणं सुटसुटीत.

```
मॅक्रो_रूल्स! पटीने {
  ($($नाव:आयडेंट),+ $(,)?) => { $(
    इम्प्ल ::कोर::ऑप्स::म्युल<आय६४> फॉर $नाव {
      टाइप आउटपुट = $नाव;
      एफएन म्युल(सेल्फ, पट: आय६४) -> $नाव {
        $नाव(सेल्फ.0 * पट)
      }
    }
    इम्प्ल ::कोर::ऑप्स::म्युल<$नाव> फॉर आय६४ {
      टाइप आउटपुट = $नाव;
      एफएन म्युल(सेल्फ, माप: $नाव) -> $नाव {
        $नाव(सेल्फ * माप.0)
      }
    }
  )+ };
}

पटीने!(पैसे, ग्रॅम);
```

इथे तीन ठिकाणी हात पोळतात. एक, $नाव पुढे आयडेंटच (नुसतं नाव) हवं. टीवाय (टाइप) लिहिलं तर मॅक्रो टाइपच्या जागी चालतो, पण $नाव(...) असं कन्स्ट्रक्टरच्या जागी वापरलं की पार्सर नाकारतो. दोन, मॅक्रो_रूल्सची व्याख्या फाइलमध्ये वापराच्या वर असावी लागते. फंक्शनांसारखी ती खाली ठेवून चालत नाही. तीन, ट्रेटचा पूर्ण मार्ग द्या, अगदी सुरुवातीच्या दोन अपूर्णविरामांसह. वापरणाऱ्याच्या मॉड्यूलमध्ये म्युल यूझ केलेलं असेलच असं नाही.

आय६४ हा परका टाइप आहे आणि म्युल हा परका ट्रेट, तरी दुसरा इम्प्ल (टाइपला ट्रेट देणारा तुकडा) चालतो, कारण ट्रेटच्या पॅरामीटरमध्ये आपला टाइप आहे. ऑर्फन नियमाला, म्हणजे परक्या टाइपला परका ट्रेट देऊ नये या नियमाला, तेवढं पुरतं.

आता खरा गुणाकार, ग्रॅम गुणिले भाव बरोबर पैसे. हा हातानेच लिहायचा, कारण त्यात निर्णय आहे. ५२.३५० किलो कांदा, १८.५० रुपये किलो. ग्रॅम ५२३५०, भाव १८५० पैसे. गुणाकार ९,६८,४७,५००, हजाराने भागले की ९६८४७.५ पैसे. पूर्णांकांचा भागाकार अर्धा पैसा गुपचूप कापतो आणि ९६८४७ देतो. भागण्याआधी ५०० मिळवले की ९६८४८ येतात, म्हणजे ९६८ रुपये ४८ पैसे. एका पट्टीत हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. महिन्याच्या ताळेबंदात मात्र काही केल्या न जुळणारे चिल्लर पैसे म्हणून तो समोर येतो. परतीच्या मालासाठी ऋण आकडे येणार असतील तर साध्या भागाकाराऐवजी डिव्ह_यूक्लिड वापरा. साधा भागाकार शून्याच्या दिशेने कापतो, त्यामुळे ५०० मिळवण्याची युक्ती ऋण बाजूला चुकते.

हीच जागा आय३२ च्या मोहात पडू नये हे दाखवते. आय३२ ची कमाल २,१४,७४,८३,६४७. पैशांत धरलं तर २ कोटी १४ लाखांच्या थोडी वर. नुसती रक्कम त्यात बसेलही, पण दहा टनांच्या ट्रकचा मधला गुणाकार १ कोटी ग्रॅम गुणिले १८५०, म्हणजे १८५० कोटी. तो मावत नाही.

ओव्हरफ्लो कुणाच्या वाट्याला

डिराइव्ह केलेली अ‍ॅड आतल्या संख्येची साधी बेरीजच करते, त्यामुळे तिचे गुणदोष वारशाने येतात. डीबग बिल्डमध्ये ओव्हरफ्लो झाला, म्हणजे आकडा टाइपच्या मर्यादेबाहेर गेला, की पॅनिक: प्रोग्राम तिथेच थांबतो. रिलीज बिल्डमध्ये, मुद्दाम काही सांगितलं नसेल तर, आकडा गुंडाळून पुन्हा दुसऱ्या टोकाकडून सुरू होतो. वजन ऋण नसतं म्हणून ग्रॅमच्या आत यू६४ (ऋण न होणारा पूर्णांक) ठेवायचा मोह होतो. मग ४०० ग्रॅम मालातून ५०० ग्रॅम बारदान वजा केलं की रिलीजमध्ये १८४४६७४४०७३७०९५५१५१६ ग्रॅम कांदा तयार. एवढा माल तुर्भ्याच्या कोणत्याच गाळ्यात मावायचा नाही.

उपाय दोन. कार्गोच्या फाइलमधल्या रिलीज प्रोफाइलमध्ये ओव्हरफ्लो-चेक्स चालू करा, ही एकच ओळ आहे. हिशेबाच्या प्रोग्रामात ती असायलाच हवी. दुसरा, ग्रॅमसाठी सब डिराइव्ह न करता 'बारदान_वजा' नावाची मेथड द्या, जी चेक्ड_सब वापरून (आणि आत आय६४ असेल तर उत्तर ऋण आहे का तेही पाहून) ऑप्शन परत करते: उत्तर असेल तर ते, नसेल तर नन. वापरणाऱ्याला मग नन आलं तर काय, याचा विचार करावाच लागतो.

नम-डिराइव्ह कधी घ्यावा

तुमचं कोड जेनेरिक असेल, म्हणजे एखादं फंक्शन झीरो असलेल्या कोणत्याही टाइपवर चालत असेल, तर नम-डिराइव्हचा झीरो पैशांनाही चालतो. त्याला फक्त अ‍ॅड लागते. वन हा गुणाकाराचा एकक असल्याने म्युल मागतो. नम हा ट्रेट तर समानता, झीरो, वन आणि पाचही क्रिया मागतो. एखाद्या लायब्ररीसाठी पैशांना नम देण्याची वेळ आली, तर टाइप चुकीच्या जागी वापरला जातोय हे ओळखा. नम द्यायचा तो परिमाण नसलेल्या संख्येला.

तिथेही एक खड्डा आहे. दोन दशांशांची संख्या शंभरपट करून पूर्णांकात ठेवली, म्हणजे १.५० साठी १५० आणि २.०० साठी २००, आणि नम डिराइव्ह केला. आता १.५० गुणिले २.०० चं उत्तर आतून ३०००० येतं, म्हणजे ३००. हवे होते ३. वनही आतून १ येतो, म्हणजे ०.०१. बेरीज-वजाबाकी बिनचूक, म्हणून टेस्ट पास होतात आणि चूक दडून राहते. स्थिर दशांशाच्या टाइपला म्युल, डिव्ह आणि वन कधीही डिराइव्ह करू नयेत.

नमसोबत येणारं फ्रॉम_स्ट्र_रेडिक्स मराठी अंक वाचत नाही. '१८५०' अशी देवनागरी स्ट्रिंग आली की चूक परत येते, पार्सचंही तसंच. शून्याचा कोड हेक्समध्ये ०९६६ आहे. प्रत्येक अक्षराच्या कोडमधून तो वजा करून आधी साधे अंक करून घ्या.

एनम आणि दिघा गाव

नम-डिराइव्हचा बराच वापर खरं तर एनमसाठी, म्हणजे ठरावीक पर्यायांच्या टाइपसाठी, होतो. रस्टमध्ये एनमचा अ‍ॅजने पूर्णांक होतो, उलट दिशेने होत नाही. फ्रॉमप्रिमिटिव्ह ती उलटी वाट देतो आणि अनोळखी आकड्याला नन म्हणतो. ठाणे-वाशी लोकलच्या ट्रान्सहार्बर मार्गाचं उदाहरण घेऊ: ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी.

क्रमांक न देता हा एनम लिहिला तर ठाणे ०, ऐरोली १, रबाळे २ असे आकडे आपोआप बसतात. १२ जानेवारी २०२४ ला ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये दिघा गाव स्थानकाचं उद्घाटन झालं. एनममध्ये ते जागच्या जागी घातलं की ऐरोली २ होते, रबाळे ३, आणि डेटाबेसमध्ये साठवलेला प्रत्येक जुना ऐरोलीचा प्रवासी एका रात्रीत दिघा गावला उतरतो. कंपायलर गप्प, टेस्टही गप्प. म्हणून साठवायच्या किंवा नेटवर्कवरून पाठवायच्या प्रत्येक एनमला पहिल्या दिवसापासून उघड क्रमांक द्या, शक्यतो दहा-दहाच्या अंतराने:

```
#[डिराइव्ह(क्लोन, कॉपी, डीबग, पार्शलईक्यू, ईक्यू,
         फ्रॉमप्रिमिटिव्ह, टूप्रिमिटिव्ह)]
#[रेप्र(यू8)]
पब एनम स्थानक {
  ठाणे = 10,
  दिघा_गाव = 15,
  ऐरोली = 20,
  रबाळे = 30,
  // पुढची स्थानकं याच अंतराने
}
```

स्थानक::फ्रॉम_यू8(20) आता सम(ऐरोली) देतं (हा सम ऑप्शनमधला, बेरजेचा नव्हे) आणि 21 ला नन. हे चालायला कार्गोच्या फाइलमध्ये नम-डिराइव्ह आणि नम-ट्रेट्स दोन्ही लागतात, कारण तयार होणारा कोड दुसऱ्याचं नाव घेतो. मॅक्रो आणि ट्रेट दोघांचं नाव एकच असलं तरी दोन्ही यूझ करा; त्यांच्या नावांची खाती वेगळी असल्याने भांडण होत नाही. ट्रेट आणायला विसरलं की फ्रॉम_यू8 सापडत नाही अशी चूक येते. डेटा वाहणाऱ्या व्हेरियंटवर हा मॅक्रो चालत नाही.

फ्रॉम_एफ६४ पासून जपून. तो अपूर्णांक आधी कापतो, म्हणून २०.९ दिलं तरी ऐरोलीच मिळते. जेसनमधून आलेला आकडा एफ६४ असेल तर तो पूर्णांक आहे का हे आधी तपासा. चूक नेमक्या आकड्यासह हवी असेल तर नम_एनमचा ट्रायफ्रॉमप्रिमिटिव्ह घ्या. तो रेप्र (एनम कोणत्या पूर्णांकात साठवायचा ते सांगणारी ओळ) सक्तीचा करतो आणि ननऐवजी एरर देतो, ज्यात नाकारलेला आकडा असतो. लॉग वाचणाऱ्याला तो बराच उपयोगी. ट्रान्सम्यूट, म्हणजे बिट तसेच ठेवून टाइप बदलणं, मात्र नको: एनममध्ये नसलेला आकडा त्यातून गेला की पुढे काय होईल याची भाषा कसलीच हमी देत नाही.

स्वतःचा डिराइव्ह

दहा-पंधरा मापं झाली आणि सगळ्यांना 'बेरीज हवी, गुणाकार नको, ओव्हरफ्लोला नेमका संदेश हवा' असा एकच नियम असेल, तर स्वतःचा प्रोसीजरल मॅक्रो, म्हणजे कोड वाचून नवा कोड देणारं फंक्शन, लिहिणं परवडतं. तीन-चार मापांसाठी वरचा मॅक्रो_रूल्स पुरे.

वेगळा क्रेट करा, त्याच्या लिब विभागात प्रॉक-मॅक्रो ट्रू. अशा क्रेटमधून मॅक्रोशिवाय काहीही बाहेर देता येत नाही, म्हणून ट्रेट आणि टाइप मूळ क्रेटमध्येच राहतात. डिपेंडन्सी तीन: सिन २ (कोड वाचायला), कोट १ (कोड तयार करायला), प्रॉक-मॅक्रो२. सिनचं फुल फीचर लावू नका. डिराइव्हइनपुट वाचायला त्याची नेहमीची फीचर पुरतात आणि कंपाइलचा वेळ वाचतो.

फंक्शनचं काम असं चालतं. आलेला टोकनस्ट्रीम (कोडच्या सुट्या तुकड्यांची माळ) पार्स_मॅक्रो_इनपुटने डिराइव्हइनपुटमध्ये वाचा. डेटा स्ट्रक्ट आहे का, फील्ड बिननावाचे आहेत का आणि बरोबर एकच आहे का, हे तपासा. नसेल तर पॅनिक करू नका; पॅनिक केलं की वापरणाऱ्याला डिराइव्हच्या ओळीखाली 'मॅक्रो पॅनिक झाला' आणि फार तर तुमचा संदेश दिसतो, चूक नेमकी कुठल्या फील्डची ते दिसत नाही. त्याऐवजी सिनच्या एररचं न्यू_स्पॅन्ड वापरून चूक नेमक्या फील्डला चिकटवा आणि टू_कंपाइल_एरर परत करा. मग जेनेरिक्सवर स्प्लिट_फॉर_इम्प्ल चालवा. हे गाळलं तरी आज सगळं चालतं, आणि कुणी पहिला जेनेरिक न्यूटाइप लिहिला की मोडतं. शेवटी कोट मॅक्रोत अ‍ॅडचा इम्प्ल लिहा, ज्यात चेक्ड_अ‍ॅड आणि टाइपच्या नावासह एक्स्पेक्ट असेल. सगळे मार्ग पुन्हा ::कोर पासून.

बाहेर काय पडतंय ते कार्गो एक्सपांडने पाहा. त्यासाठी तुमचा प्रोजेक्ट स्टेबलवरून हलवावा लागत नाही. अंदाजाने मॅक्रो दुरुस्त करत बसण्यापेक्षा हे कितीतरी झटपट.

टेस्ट दोन्ही बाजूंनी हव्यात. काय चालतं ते साध्या टेस्टमध्ये: ५२३५० ग्रॅम, १८५० पैसे, उत्तर ९६८४८. काय चालू नये ते ट्रायबिल्ड या क्रेटने: एका छोट्या फाइलमध्ये पैसे गुणिले पैसे लिहा, दुसरीत भाव अधिक भाव, आणि दोन्ही कंपाइल होऊ नयेत असं नोंदवा. ट्रायबिल्ड कंपायलरचा पूर्ण संदेश साठवलेल्या फाइलशी ताडून पाहतो, त्यामुळे टाइपोमुळे कंपाइल न झालेली फाइल खोटी पास होत नाही. किंमत एवढीच की रस्टची आवृत्ती बदलली की संदेशातले शब्दही बदलतात. म्हणून या टेस्ट सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) एकाच ठरलेल्या आवृत्तीवर चालवा, आणि आवृत्ती वाढवाल त्या दिवशी साठवलेले संदेश नव्याने लिहून घेण्याआधी प्रत्येक फरक वाचून पाहा: चूक अजून गुणाकाराचीच आहे ना, की यूझची ओळ हरवली म्हणून ती फाइल अडते आहे.